गुरुजींची सायकल, व्हाया न्यू जर्सी

वेस्ट विंडसर, न्यू जर्सी
१४ जून १९८७

ती. दादास,
सुनेत्राचा नमस्कार. आधी खुर्चीत बस. बसलास? मग ऐक. उल्हास पोलिसात लागला!

हसू नकोस. मीनाक्षी वहिनीलाही हसू देऊ नकोस. तुझा हा मेहुणा, ज्याला गेल्या वर्षी रूट वनवर पोलिसाने थांबवलं तेव्हा घाबरून लायसन्सऐवजी लायब्ररी कार्ड पुढे केलं, तो आता आंतरराष्ट्रीय पोलीस सल्लागार आहे. कार्ड छापून आलंय. दीपाने ते फ्रिजवर लावलंय आणि खाली लिहिलंय, ‘गॉड हेल्प देम.’ पंधरा वर्षांची झाली, पण बापाची पारख बरोबर आहे.

झालं असं. कॅरिबियन समुद्रात सेंट ऑरेल नावाचं बेट आहे. नकाशावर माशी बसली तर दिसेनासं होईल एवढं. त्यांना त्यांचं राष्ट्रीय पोलीस दल सुधारायचंय, आणि ते कंत्राट उल्हासच्या कंपनीला मिळालं. कंपनीने चार सल्लागार नेमले. एक टेक्सासचे रिटायर्ड शेरीफ. ते टोपी जेवतानाही काढत नाहीत. एक कॅनडाचे. ते इतके सभ्य आहेत की दाराला धक्का लागला तर दाराला सॉरी म्हणतात. तिसरे मेजर प्रिचर्ड, इंग्रज. यांनी तीन वसाहतींत पोलीस उभे केले आणि ते पोचले की वर्षभरात तो तो देश स्वतंत्र झाला. आणि चौथा उल्हास. वीस वर्षं हा माणूस बँकेतल्या रांगा मोजतोय, म्हणून आकडेवारी याच्याकडे. खरं कारण मी सांगते. तीन गोऱ्यांच्या फोटोखाली ‘आंतरराष्ट्रीय’ लिहायचं म्हणजे जरा शोभत नव्हतं.

जुलैअखेर त्या बेटावरून बारा पोलीस सहा आठवड्यांच्या ट्रेनिंगला येणार. उल्हास रोज पुस्तकं आणतोय. काल विचारत होता, “सुनेत्रा, पोलीस स्टेशनात शिरल्यावर समोर काय असतं?” मी म्हटलं, “आम्ही चांगल्या घरातले. माझ्या भावाला विचार.”

तेव्हा दादा, तू सांग. बावीस वर्षं झाली ना तुला खात्यात? तीन प्रश्न आहेत. पोलीस ठाणं चांगलं चाललंय हे बाहेरच्याला कसं कळतं? गुन्हे कमी करायला काय करतात? आणि माणूस तक्रार घेऊन आला की पहिली गोष्ट काय होते? सविस्तर लिही. माझ्या घरात सध्या इतका उत्साह आहे की भाजीतही मीठ दोनदा पडतंय.

तुझी,
सुनेत्रा

* * *

जिल्हा पोलीस कपडे भांडार
२ जुलै १९८७

चि. सौ. सुनेत्रास,
प्रतापचे आशीर्वाद. तुझं पत्र वाघदरी पोलीस ठाण्याच्या पत्त्यावर गेलं, तिथून फिरत इथे आलं. वरचा पत्ता वाचून दचकू नकोस. मी ठीक आहे. सध्या माझ्या ताब्यात अकराशे हाफ पँट, नऊशे बेल्ट आणि कसर लागलेल्या चारशे घोंगड्या आहेत. एकीचीही तक्रार नाही.

उल्हासरावांचे प्रश्न फार चांगले आहेत. तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण मी इथे का बसलोय त्याचं उत्तर त्यातच आहे.

माणूस तक्रार घेऊन आला की पहिली गोष्ट अशी होते, की ठाणे अंमलदार त्याला सांगतो, “नंतर या.” तो नंतर आला की विचारतो, “कशावरून चोरीला गेली? हरवली असेल.” दमलेला माणूस म्हणतो, बरं, हरवली लिहा. चोरी लिहिली की गुन्हा झाला, तपास आला, महिन्याच्या तक्त्यात आकडा गेला. हरवली लिहिलं की एक ओळ झाली आणि चहा आला.

वाघदरीच्या शाळेतले देशमाने गुरुजी गेल्या वर्षी आले. सायकल शाळेच्या फाटकाला साखळीने बांधली होती. साखळी कापलेली, सायकल नाही. हवालदाराने नेहमीप्रमाणे लिहिलं, ‘सायकल हरवली.’ गुरुजींनी ते वाचलं आणि लाल पेनने दुरुस्त केलं! माझ्याकडे वही घेऊन आले आणि म्हणाले, “साहेब, किल्ली हरवते, छत्री हरवते. साखळी कापून सायकल हरवत नाही.”

सुनेत्रा, बावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या वहीत कोणी चूक काढली नव्हती. मी लाजलो. त्या दिवसापासून नियम केला. फिर्यादी सांगेल तसं लिहायचं, त्याच्यासमोर वाचून दाखवायचं, कार्बनची नक्कल त्याच्या हातात द्यायची. यात माझं काही नाही. नक्कल फुकट द्यावी असं कायद्यातच आहे. ते पान फक्त कोणी उलटत नाही.

वर्षात तालुक्यातल्या चोऱ्या एकेचाळीसवरून एकशे त्रेसष्टवर गेल्या. त्यातल्या साठ उघडकीस आणल्या, गुरुजींच्या सायकलसकट. पण उघडकीचा रकाना शेवटच्या पानावर असतो. जिल्ह्याच्या साहेबांनी बोलावलं. “तुम्ही आलात आणि तालुक्यात चोर चौपट झाले?” मी म्हटलं, “चोर तेवढेच आहेत साहेब, शाई जास्त लागली.” हे बोलायला नको होतं.

आता अट अशी आहे. ‘मी अतिउत्साहाच्या भरात चुकीच्या नोंदी केल्या’ अशा खुलाशावर सही केली, तर वाघदरी परत. नाही केली तर खातेनिहाय चौकशी आणि तोवर घोंगड्या. मुदत एकतीस ऑगस्ट. खुलासा टाइप करून तयार आहे, फक्त सहीची जागा कोरी आहे.

हे उल्हासरावांना सांगू नकोस. आंतरराष्ट्रीय माणसाचा मेहुणा कपडे भांडारात, बरं दिसत नाही. बाकीची माहिती मात्र खुशाल वापरा.

तुझा,
दादा

* * *

वेस्ट विंडसर
१९ जुलै १९८७

ती. दादास,
सा. न.

तुझं पत्र वाचलं आणि भयंकर राग आला. तुझा नव्हे, तुझाच. सही करून टाक! अरे, एका कागदावर दोन शब्द. इथे लोक घटस्फोटावरसुद्धा एवढा विचार करत नाहीत. वहिनीने किती दिवस सामान बांधलेलं ठेवायचं? सही कर, वाघदरीला जा आणि मग तुझ्या त्या गुरुजींची जी सेवा करायची ती कर. घरातल्या शहाण्या माणसांत मी मोडते, हे बाबासुद्धा मान्य करायचे. ऐक माझं.

आता आमच्याकडचं. उल्हासला मी सांगितलं नाही, तुझा शब्द पाळला. पण त्याची योजना तयार झाली आणि ती ऐकून शेरीफसाहेबांनी टोपी काढली म्हणे. कंपनीत पहिल्यांदाच त्यांचं टक्कल दिसलं. योजना अशी, की बेटावर नऊ पोलीस ठाणी आहेत. ज्या ठाण्यात दर तिमाहीत गुन्हे सगळ्यात कमी, त्याला चांदीची ढाल. ज्याचे सगळ्यात जास्त, त्याच्या प्रमुखाने राजधानीत येऊन कारण द्यायचं. बेटाची पाच वर्षांची आकडेवारी उल्हासने कॉम्प्युटरमध्ये भरली. प्रिंटरमधून इतका कागद निघाला की बेसमेंटपासून स्वयंपाकघरापर्यंत गालिचा झाला. चोऱ्यांची रेघ दरवर्षी खाली खाली. तो म्हणतो, दल मुळातच चांगलं आहे, थोडं उत्तेजन हवं.

तुझ्या पत्रातलं ‘नंतर या’ वगैरे मी त्याला ऐकवलं. म्हणाला, “ते भारतात असेल. हे वेगळं पोलीस दल आहे.” मलाही पटलं. ब्रिटिशांनी घडवलेले लोक आहेत.

म्हणजे आपल्यालाही त्यांनीच घडवलं, हे मला आत्ता लिहिताना सुचलं. जाऊ दे.

ते बारा जण आले की एका शनिवारी सगळ्यांना जेवायला बोलावणार आहे. शेजारच्या वसुधाकडून खुर्च्या मागवल्यात. तिने आधी विचारलं, “पोलीस येणार? मग मी दागिने लॉकरमध्ये ठेवू का?” मी म्हटलं, “वसुधा, ते पोलीस आहेत.” ती म्हणाली, “तेच म्हणतेय मी.”

सही कर. कळव.

सुनेत्रा

* * *

जिल्हा पोलीस कपडे भांडार
६ ऑगस्ट १९८७

चि. सौ. सुनेत्रास,
अनेक आशीर्वाद.

ढालीचं वाचून पाणी प्यायला उठलो.

उल्हासरावांना म्हणावं, ही ढाल आमच्याकडे फार वर्षांपासून आहे. फक्त चांदीची नाही आणि दिसत नाही. तिच्यासाठी काय काय होतं ते मी पाहिलंय. एका ठाण्यात घरफोडी झाली, तर ‘घरमालक दार लावायला विसरले’ असं लिहिलं. दुसरीकडे बैल चोरीला गेला, तर ‘बैल निघून गेला.’ बैलाने स्वतःच्या मनाने तालुका सोडला, सुनेत्रा, आणि त्याखाली दोन पंचांच्या सह्या आहेत!

त्या बेटावर रेघ दरवर्षी खाली जातेय ना? मग उल्हासरावांना एवढंच विचारायला सांग, की तिथे चोरी न होता वस्तू नाहीशी होते तेव्हा तिला काय म्हणतात? प्रत्येक ठाण्यात त्यासाठी एक शब्द असतो. आमचा ‘हरवली’. त्यांचा शोधा. तो सापडला की चोर सापडले.

माझ्याबद्दल. तुझा सल्ला पटला. खरं सांगायचं तर पटला नाही, पण दमलो. मीनाक्षी काही बोलत नाही. ती बोलत नाही म्हणजे किती बोलत असेल, हे तुला माहीत आहे. वाघदरीचं क्वार्टर सोडावं लागलं, सामान इथल्याच तिच्या माहेरच्या व्हरांड्यात आहे. परवा गुरुजी इतक्या लांब मला भेटायला आले, त्याच सायकलवर. घोंगड्यांमध्ये बसलो आम्ही. म्हणाले, “माझ्या एका सायकलीपायी तुमचं हे झालं.” शिक्षक माणूस, वही तपासल्याचा पश्चात्ताप करत होता. त्यांची समजूत काढता काढता माझाच धीर सुटला.

महिनाअखेर सही करतो. ‘अतिउत्साह’ हा शब्द तसा वाईट नाही. या वयात कोणी आपल्याला तो लावावा, हेही काही कमी नाही.

पाहुण्यांना पोटभर जेवू घाल.

दादा

* * *

तार
वेस्ट विंडसर, २२ ऑगस्ट १९८७

सही करू नकोस. मी मूर्ख. पत्र येत आहे. सुनेत्रा

* * *

वेस्ट विंडसर
२३ ऑगस्ट १९८७

ती. दादास,
तार मिळाली का? मिळाली असेल तर हे पत्र सावकाश वाच. नसेल तर वाचत वाचत धाव!

काल शनिवारी दुपारी जेवण झालं. तुझं सहा तारखेचं पत्र शुक्रवारीच हातात पडलं होतं आणि सही करतोस म्हटल्यावर मला आपण जिंकल्यासारखं वाटलं, पण रात्री उठून ते पत्र पुन्हा दोनदा वाचलं. सकाळी पंचेचाळीस थालीपिठं लावली. बाराही जण पांढऱ्या शर्टात आले, बुटात तोंड दिसेल असे. त्यांत एकच बाई, सार्जंट बर्निस. वय पन्नाशीचं, दारातून येताना दाराला जागा करून द्यावी लागते अशी. आल्या आल्या स्वयंपाकघरात शिरली आणि माझ्या हातातून तवा घेतला. म्हणाली, “बसून राहणं मला फक्त ड्यूटीवर जमतं.”

उल्हासच्या जोडीचे तिघे सल्लागारही होते; जेवताना मेजरसाहेब आपल्या तिसऱ्या वसाहतीची गोष्ट सांगत होते. सगळे काट्याने थालीपीठ उचकत होते. मग बर्निसने हाताने खायला सुरुवात केली आणि दोन मिनिटांत बाराच्या बारा काटे खाली! उल्हासला चेव आला. त्याने भिंतीवर कागद लावून ढालीची योजना सांगितली. उद्या सोमवारी मोठ्या प्रेझेंटेशनमध्ये ती मांडायची होती, त्याची रंगीत तालीम. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बर्निसने वाजवल्या नाहीत. ती लोणचं वाढून घेत होती.

मला काय वाटलं कोण जाणे. मी म्हटलं, “माझा भाऊ भारतात पोलीस इन्स्पेक्टर आहे. त्याचा एक प्रश्न आहे.” आणि पत्र आणून वाचायला लागले. मराठी वाचत, इंग्रजी करत. गुरुजींची सायकल, लाल पेन, मग तो निघून गेलेला बैल. दीपा हळूच म्हणाली, “मॉम, धिस इज सो एम्बॅरसिंग.” कारण कोणीच हसत नव्हतं. बारा पोलीस ताटात बघत होते. मी शेवटचा प्रश्न वाचला, तुमच्याकडे वस्तू नाहीशी झाली की तिला काय म्हणतात?

 आणि बर्निस हसायला लागली. दादा, वसुधाच्या खुर्च्या हलल्या! डोळे पुसत म्हणाली, “आमच्याकडे काही चोरीला जात नाही, डार्लिंग. आमच्याकडे सगळं समुद्रात पडतं.”

मच्छीमारांच्या होड्यांना इंजिनं असतात ना मागे लावलेली? ती चोरीला जातात. बेटावरची सगळ्यात मोठी चोरी तीच. वहीत लिहितात, ‘इंजिन समुद्रात पडले.’ गेल्या वर्षी चारशे बारा इंजिनं पडली! बर्निस म्हणाली, “तळाशी आता इतकी इंजिनं आहेत की मासे पोहत नाहीत, गाडी करून जातात.” मग एकेकाला कंठ फुटला. एक म्हणाला, आमच्या ठाण्यात बकरी समुद्रात पडते. दुसरा म्हणाला, आमच्याकडे शिलाई मशीन पडलं, आणि आमचं गाव डोंगरावर आहे!

मी उल्हासकडे बघितलं. वाटलं, आता याचा चेहरा पडणार. पाच वर्षांची रेघ आणि चांदीची ढाल, सगळं गेलं. पण तो उठला, बेसमेंटमधून तो गालिचा घेऊन आला आणि बर्निसच्या पुढ्यात जमिनीवर उलगडून बसला. “होड्या किती आहेत? इंजिनं वर्षाला नवी किती येतात? मग पडतात किती?” पेन्सिलने भराभर लिहीत होता. डोक्यावर थालीपिठाचा तुकडा, लक्षच नाही. लग्नात हा माणूस इतका आनंदात नव्हता, फोटो आहेत माझ्याकडे. शेरीफसाहेब गुडघ्यावर बसून बेरजा करायला लागले. कॅनडावाले समुद्राला सॉरी म्हणत असावेत. मेजर तेवढे खिडकीतून हिरवळ बघत होते.

मग बर्निस माझ्याकडे वळली. “तुझ्या भावाला यासाठी मेडल मिळालं असेल ना?”

दादा, मी माझ्या ताटाकडे बघितलं. म्हटलं, “नाही. त्याला कपड्यांच्या गोदामात टाकलंय. चूक कबूल करणाऱ्या कागदावर सही मागतायत. आणि मीच त्याला लिहिलं, की सही कर.”

तिने ताट खाली ठेवलं. “तीस वर्षं झाली मला,” म्हणाली. “दर महिन्याला मी असल्या कागदावर सही करते. पहिली सही केली त्या दिवशी हात थरथरला होता. दुसरीच्या वेळी नाही थरथरला. ते जास्त वाईट.” मग एकदम पोलिसी आवाजात ओरडली, “तू इथे लोणचं काय वाढतेस? फोन कुठे आहे?”

तुझ्याकडे फोन नाही म्हटल्यावर तार. बारा पोलिसांनी मिळून तारेचा मजकूर ठरवला. ‘मी मूर्ख’ हे त्यांचं नव्हे, माझं. उल्हासला तेव्हाच सगळं कळलं. तो मला एवढंच म्हणाला, “महिनाभर लपवलंस? अगं, तुझ्या भावाकडे खरा डेटा होता!”

सही करू नकोस, दादा. केली असशील तर खोडून ये.

सुनेत्रा

* * *

जिल्हा पोलीस कपडे भांडार
२ सप्टेंबर १९८७

चि. सौ. सुनेत्रास,
आशीर्वाद. तुझी तार पंचवीस तारखेला दुपारी आली. घरी तारवाला दिसताच मीनाक्षीने हंबरडा फोडला. तार म्हणजे कोणीतरी गेलं, हा आपला नियम. शेजारच्या चार बायका जमल्या, त्यांनीही सूर धरला. कोण गेलं हे बघायला पाकीट फोडलं, तर आत ‘सही करू नकोस.’ आता इथे सगळ्यांची खात्री आहे की अमेरिकेत आपली मोठी इस्टेट आहे आणि तू वाटणीला विरोध करतेस.

मीनाक्षी डोळे पुसून तशीच चालत भांडारात आली. लग्नाच्या बारा वर्षांत पहिल्यांदा माझ्या कचेरीत पाऊल ठेवलं तिने. तार टेबलावर ठेवून म्हणाली, “मी हेच म्हणत होते.” “कधी म्हणालीस?” “रोज. मनात.”

पण मी त्याच दिवशी सकाळी सही केली होती! मुदतीच्या आधी करून टाकावी म्हणून. कागद साहेबांच्या कचेरीत देऊनही आलो होतो. घरची सायकल काढली आणि सुटलो. आयुष्यात आरोपीच्या मागे इतक्या वेगाने गेलो नसेन. आवक-जावकच्या टेबलावर बाळ कुलकर्णी म्हणून कारकून आहेत. कागदावर आवक नंबराचा शिक्का पडला, की तो कागद ब्रह्मदेवालाही परत मिळत नाही. मी धापा टाकत विचारलं, “माझा कागद?” कुलकर्णी म्हणाले, “शिक्क्याच्या पॅडची शाई वाळलीय, सकाळपासून नवीन मागवतोय. तुमचा हा काय, ट्रेमध्ये वरच आहे.”

मी कागद उचलला. कुलकर्णींनी माझ्याकडे बघितलं, मग पंख्याकडे बघितलं. म्हणाले, “वाऱ्याने कागद फार उडतात इथे.”

नवा खुलासा मी तिथेच उभ्याने लिहिला. ‘सायकल चोरीला गेली होती, सबब चोरीला गेली असे लिहिले. इतर एकशे बासष्ट बाबतींतही तसेच.’ खाली सही केली. हात थरथरला. सार्जंट बाईंना सांग, छान थरथरला.

चौकशी सुरू झाली आहे. घोंगड्यांना ऊन दाखवायचं काम चालू आहे. मी वीस वर्षांचा झाल्यासारखा वागतोय अशी मीनाक्षीची तक्रार आहे. ती लिहून घेतली आणि नक्कल तिला दिली.

सोमवारी काय झालं ते कळव. उल्हासरावांच्या अंगाशी आलं नाही ना?

दादा

* * *

वेस्ट विंडसर
१७ जानेवारी १९८८

ती. दादास,
सा. न. इतके महिने दोन ओळींची कार्डं पाठवून तुझी बोळवण केली, कारण सांगण्यासारखं निश्चित काही नव्हतं. आता आहे.

ऑगस्टमधल्या त्या सोमवारी उल्हासने कंपनीच्या सगळ्या साहेबांपुढे स्वतःचा तक्ता स्वतःच फाडला. म्हणाला, ही माझी चूक, आणि हे चारशे बारा इंजिनांचं गणित. ढाल रद्द. तक्रार सांगेल तशी लिहा, वाचून दाखवा, कार्बन कॉपी द्या. पहिल्या वर्षी आकडे वाढतील आणि वाढले तर अभिनंदन करा. साहेब म्हणाले, “आपण आकडे वाढवायचा सल्ला देण्यासाठी कंत्राट घेतलंय का?” उल्हासला सल्लागारपदावरून प्रेमाने काढून बँकेच्या रांगांकडे परत पाठवलं. कार्ड मात्र फ्रिजवरच आहे. दीपाने खालचं वाक्य खोडून नुसतं ‘डॅड’ लिहिलंय.

मला वाटलं, संपलं. पण ते बारा जण तिथेच बसले होते ना! बेटावर परत गेले आणि बर्निसने आपल्या ठाण्यात कार्बन सुरू केला, कोणाला न विचारता. आता नाताळचं कार्ड आलंय तिचं, चार पानी. चोऱ्या तिप्पट! पेपरात मथळा, मंत्री संतापले. बर्निसने त्यांच्यापुढे नकला ठेवल्या आणि सांगितलं, या सह्या मच्छीमारांच्या आहेत आणि मच्छीमारांना मतं आहेत. मंत्र्यांना एकदम पद्धत आवडली. तीन महिन्यांत सत्तर इंजिनं परत मिळाली, सगळी एकाच गोदामात, समुद्रापासून पाच मैल. आता नऊही ठाण्यांत कार्बन आहे.

हे यश बघून कंपनीला आपण ते आधीच सुचवल्याचं आठवलं. रिपोर्ट छापलाय, चकचकीत, दोनशे पानी. पद्धतीचं नाव काय माहितेय? ‘प्रिचर्ड पद्धत’! खिडकीतून हिरवळ बघत होता तो माणूस! उल्हास हसला, मी नाही हसले. मी तर मेजरना फोन करणार होते. पण उल्हास म्हणाला, “प्रतापरावांच्या नावाने छापली असती तर कोणी वाचली असती का?”

तुझ्या चौकशीचं काय?

सुनेत्रा

* * *

वाघदरी पोलीस ठाणे
२० नोव्हेंबर १९८८

चि. सौ. सुनेत्रास,
अनेक आशीर्वाद. वरचा पत्ता पुन्हा वाच. हो!

सप्टेंबरात वरून परिपत्रक आलं. परदेशातून तज्ज्ञ येत आहेत, चार दिवसांचा कोर्स आहे, प्रत्येक जिल्ह्याने एक अधिकारी पाठवावा, विषय ‘तक्रार नोंदणीची आधुनिक पद्धत’. साहेबांनी विचारलं, रिकामा कोण आहे? रिकामा मीच होतो.

तज्ज्ञ म्हणजे तुझे मेजर. मी शेवटच्या बाकावर बसलो. पडद्यावर इंजिनाचं चित्र. मेजर म्हणाले, जंटलमेन, इंजिन समुद्रात पडत नाही. सगळे वहीत लिहीत होते. मीही लिहिलं. शेवटी विचारलं, कोणाला शंका? मी उभा राहिलो. “सर, कार्बन उलटा लागला आणि नक्कल मागच्या बाजूला उमटली तर काय करायचं?” मेजर विचारात पडले. चार दिवसांत त्यांना पहिल्यांदाच कोणी कार्बनबद्दल विचारलं असावं. म्हणाले, यू आर अ प्रॅक्टिकल मॅन. मग मीच सांगितलं, आरशात धरून वाचायची आणि फिर्यादीला नवी लिहून द्यायची. त्यांनी ते टिपून घेतलं. पुढच्या आवृत्तीत येईल. मी कोण हे सांगितलं नाही. सांगायचं म्हणून तोंड उघडलं होतं, पण ते इतकं मनापासून शिकवत होते!

परत आलो तर अख्ख्या जिल्ह्यात प्रिचर्ड पद्धतीचं प्रमाणपत्र असलेला मी एकटा. एक ठाणं नमुना म्हणून चालवून दाखवायचा वरून हुकूम. साहेबांनी मला बसवलं, चहा सांगितला आणि म्हणाले, “वाघदरी घ्या. तिथे तुम्हाला पूर्वीचा अनुभव आहे.” मी म्हटलं, “साहेब, चौकशी?” ते म्हणाले, फाइल सापडत नाही, हरवली आहे. तसं लेखी कळवलंय मला. या एका बाबतीत मी हट्ट धरला नाही.

काल मीनाक्षीने सामान लावलं. आज सकाळी ठाण्यात टेबलाशी बसलो, वहीचं नवं पान काढलं, आणि पहिला फिर्यादी आत आला. देशमाने गुरुजी. चालत आले होते. धोतराला चिखल. मला बघून थबकले, मग इकडेतिकडे बघून माझ्या जवळ आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “साहेब, सायकल पुन्हा गेली. साखळी कापलीय. पण मी विचार केलाय. तुम्ही आत्ताच कुठे आलाय. या वेळी ‘हरवली’ लिहा. मी दुरुस्त करणार नाही.”

ज्या माणसाने आयुष्यभर मुलांच्या वह्यांत एक चूक सोडली नाही, तो माझ्यासाठी चूक घेऊन आला होता.

मी उठलो, त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. म्हटलं, “बसा गुरुजी. मी कार्बन लावतो.”

दादा